वरची मूठ

आमचा सोफा दसऱ्याच्या आधी गॅलरीत जातो आणि भाऊबीज झाली की परत आत येतो. मधल्या काळात आलेल्या पाहुण्यांनी भाजणीच्या डब्यांना टेकून जमिनीवर बसायचं असतं आणि निघताना पाठीचं पीठ आपलं आपण झटकायचं असतं. भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीत आता हे सगळ्यांना माहीत आहे. लिफ्टमध्ये माझ्या अंगाला नागरमोथ्याचा वास आला की दिवाळी जवळ आली, असं खालच्या मजल्यावरची मंडळी धरून चालतात. कॅलेंडर बघायचे कष्ट वाचतात त्यांचे.

कारण आमचं दुकान. दुकान म्हणजे पाटी, गल्ला, उदबत्ती असलं काही नाही. मोबाइलवरच्या एका मोठ्या बाजारात आमचा एक कोपरा आहे आणि त्या कोपऱ्यात एकच वस्तू आहे, दिवाळीची पेटी. पेटीत चकलीची भाजणी, मेतकूट आणि पहिल्या आंघोळीचं उटणं. रायपूर, जबलपूर, लखनौ, कुठेकुठे मराठी माणसं नोकरीपायी जाऊन बसलेली असतात. त्यांना अकरा महिने काही आठवत नाही, आणि दसरा आला की एकदम चकली आठवते. ती आठवली की त्यांना आम्ही सापडतो.

भाजणी माझ्या सासूबाईंची. सासरे तरुणपणी नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि मागून नवी नवरी म्हणून सासूबाई आल्या. आयुष्य भोपाळमध्ये गेलं तरी त्यांची जीभ अजून नागपूरलाच आहे. चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांमधून साहेबांच्या मराठी बायका त्यांच्याकडे भाजणीसाठी निरोप पाठवायच्या, हे त्या आजही सांगतात, आणि प्रत्येक वेळी साहेबाचं पद एकेक पायरी वर गेलेलं असतं. आता गोष्ट मुख्य सचिवांपर्यंत पोचली आहे. पुढे कुठे जाईल ते बघायचं.

मी शाळेत मराठी शिकवत होते. ती शाळा बंद पडली. त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार? सगळे म्हणाले, "आता आराम कर." हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मला धडकी भरली. आराम करणारी बाई घरात कशी दिसते ते मला ठाऊक होतं. ती दिवसभर इतरांच्या चहाच्या वेळा सांभाळते. म्हणून बंगळूरच्या लेकीने एका सुट्टीत येऊन मला हे दुकान थाटून दिलं, तेव्हा मी तिला वरवर म्हटलं, "कशाला गं हा उपद्व्याप?" आणि ती गेल्यावर दार लावून घेऊन मोबाइलवर माझा स्वतःचा कोपरा पुन्हा पुन्हा उघडून बघितला.

गेल्या दिवाळीत आम्ही तोंडावर आपटलो. पेट्या उशिरा निघाल्या आणि वाटेत आतली पाकिटं फुटली. एका बाईंनी फोटोच टाकला. खोक्यात भाजणी, मेतकूट आणि उटणं यांचा एकजीव झालेला ढीग, आणि खाली त्यांचा प्रश्न, "याच्या चकल्या करायच्या की आंघोळ?" मी मराठीची बाई. वाक्य चांगलं होतं म्हणून मला राग आला आणि खरं होतं म्हणून रडू आलं. काही पेट्या तर भाऊबीजेनंतर पोचल्या. नरक चतुर्दशी उलटल्यावर आलेलं उटणं म्हणजे वरात गेल्यावर आलेली घोडी.

त्यावर त्या बाजारवाल्यांनी कळवलं की पुढच्या सणाला पुन्हा असंच झालं, पार्सलं वेळेत पोचली नाहीत, तर तुमचं दुकान काढून टाकण्यात येईल. लेक फोनवर म्हणाली, "आई, ते खरंच काढतात हं. एकदा काढलं की परत घेत नाहीत."

म्हणून या वर्षी गणपती उठल्या दिवशीच मी घरात जाहीर केलं, "एकसुद्धा पेटी फुटता कामा नये आणि एकसुद्धा उशिरा पोचता कामा नये. नाहीतर मी आराम करणार." शेवटच्या वाक्याने घर हादरलं.

सगळ्यात जास्त हादरला माझा नवरा. तो मंडीदीपच्या एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासतो. आयुष्यभर लोखंडी भाग तपासलेल्या माणसाच्या हाती भाजणी लागली तर काय होईल, याचा मी विचार केला नव्हता. त्याने आमच्या हॉलची फॅक्टरी केली. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. खिडकीपाशी सासूबाई, भरण्याचं ठाणं. टीव्हीपाशी शेजारच्या वहिनी, पाकिटं सील करण्याचं ठाणं. वहिनी मूळच्या सांगलीकडच्या, हात जलद आणि तोंड त्याहून जलद. दाराजवळ मी, पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायला. मधल्या टेबलावर त्याचं स्वतःचं ठाणं, खोका.

त्या खोक्याबद्दल सांगायलाच हवं. गेल्या वर्षीची पाकिटं फुटली ती त्याने मनाला लावून घेतली होती. त्याने जाड, दुहेरी पुठ्ठ्याचे खोके बनवून आणले. त्यावर उभं राहून दाखवलं. मला उभं केलं. सासूबाईंनाही म्हणाला, "आई, उभी राहून बघ." त्या म्हणाल्या, "मी काऊन उभी राहू? मला काय पार्सलात जायचं आहे?" त्याने खोक्यात घालायला एक चकचकीत कार्डही छापून घेतलं. त्यावर खोका कसा उघडायचा याची चित्रं होती.

मग नमुन्याची पेटी झाली. सासूबाईंसाठी त्याने स्टीलचं एक माप ठरवलं होतं. सपाट भरून वरून पट्टी फिरवायची की बरोबर अर्धा किलो भाजणी. मेतकुटाचं माप वेगळं, उटण्याची पुडी ठरलेली. सगळं खोक्यात बसवून त्याने काट्यावर ठेवलं. काटा किलोच्या जरा अलीकडे थांबला. कुरिअरवाल्यांच्या लेखी एक किलोपर्यंतचं पार्सल हा एक वर्ग, त्यापुढचं दुसरा वर्ग. आम्ही बाजारात सगळ्या पेट्यांचं वजन एक किलोच्या आत असं लिहून टाकलं.

"आता प्रत्येक पेटीचं वजन करायची गरज नाही," तो म्हणाला. "पद्धत पक्की असली की माल आपोआप सारखा निघतो."

हे वाक्य त्याने फार समाधानाने म्हटलं. मीही मान डोलावली.

मग तो रात्री खोके उभे करून ठेवायचा, दिवसा कारखान्यात जायचा आणि आम्ही तिघी पद्धत पाळून ते भरायचो. धान्य भाजून, चक्कीवर दळून आणलेलं. चक्कीवाला आमची भाजणी सकाळी जातं झाडून घेतल्यावर पहिली दळतो, नाहीतर कुणाची मिरची आमच्या चकलीत शिरायची. ऑर्डरी वाढत होत्या. मी एकेक चिठ्ठी छापून घ्यायचे आणि सासूबाई माप भरता भरता विचारायच्या, "हे कुठलं?"

"रायपूरचं, आई."

"बाई आहे का बुवा?"

"बुवा."

"नवा दिसतो. गेल्या साली नव्हता. एकटाच असेल."

"असेल."

"हो ना बाप्पा. एकट्यानं चकल्या करायच्या म्हणजे निम्म्या बिघडतीलच." आणि त्यांचा हात पुन्हा डब्यात जायचा.

पुढची चिठ्ठी. "हे?"

"लखनौ. बाई आहेत. गेल्या वर्षीही त्यांनी मागवली होती."

"फोटोवाली तर नव्हे?"

"नाही, नाही. ती वेगळी."

"फोटोवालीनं मागवली का या साली?"

मागवली होती. मी तिची चिठ्ठी बघून दचकलेच होते. सासूबाई तिचं पाकीट बराच वेळ भरत होत्या.

मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, तेवढीच करमणूक. पत्ता ऐकतात, माणूस डोळ्यांसमोर आणतात. मी कौतुकाने लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा, "आजी प्रत्येक गिऱ्हाइकाची विचारपूस करते." लेक म्हणाली, "किती क्यूट!" इतकी क्यूट गोष्ट चाललेली असताना त्यांचा हात डब्यात का जातोय, हे बघायचं आम्हा दोघींना सुचलं नाही.

पहिली मोठी खेप गेली. कुरिअरची गाडी आली, गाडीवाल्याने आमचे खोके पाहून म्हटलं, "मैडम, इसमें क्या बर्तन हैं?" मी गर्वाने सांगितलं, "आटा है." त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माल भरला. त्या बघण्याचा अर्थ मला नंतर कळला.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपत असताना तीच गाडी परत आली. आणि तो खोके उतरवायला लागला.

"अरे भैया, उतार क्यों रहे हो? ले जाना है!"

"ले जा चुके, मैडम. वापस आए हैं. वज़न में फ़र्क है. मशीन ने पूरी खेप रोक दी."

"एक किलो के अंदर है सब. हमने तौला है."

"कितने तौले?"

मी एक बोट वर केलं. तो घाम पुसत भोपाळी थाटात म्हणाला, "सीज़न में ज़्यादा वज़न वाला आगे नहीं जा रहा, खां. सही करके दो, परसों दोपहर आख़िरी गाड़ी है. उसके बाद जो जाएगा, दिवाली के बाद ही पहुँचेगा."

परवा दुपार. खोक्यांची भिंत पुन्हा आमच्या हॉलमध्ये उभी राहिली. मी भिंतीला टेकून खाली बसले. डोळ्यांसमोर ते वाक्य आलं, दुकान काढून टाकण्यात येईल. त्यामागून सगळ्यांचे प्रेमळ आवाज, आता आराम कर. मला खरंच हुंदका आला असता, पण वहिनी म्हणाल्या, "रडायचं असेल तर उद्या रडा. आज खोका उघडू या." मी नवऱ्याला फोन केला. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला, बूटसुद्धा न काढता थेट काट्याकडे.

एक खोका काट्यावर ठेवला. काटा किलोच्या पुढे. दुसरा, आणखी पुढे. तिसरा वेगळाच. "एकही दुसऱ्यासारखा नाही!" तो कळवळून म्हणाला. कारखान्यात असं काही झालं तर तो काय करत असेल ते तेव्हा कळलं. त्याने एक खोका टेबलावर ठेवला, आम्हाला गोल उभं केलं आणि आतली एकेक वस्तू बाहेर काढायला लागला.

पहिली निघाली भाजणी. पाकीट गच्च, पोट सुटल्यासारखं. त्याने ते मापात ओतलं. माप भरलं आणि वर डोंगर उरला.

"आई, पट्टी फिरवत नव्हतीस?"

"फिरवत होती ना. तुझी पट्टी फिरवली, मग वरची मूठ घातली."

"कसली वरची मूठ?"

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो परक्या घरात वाढला होता. "मापाचं मापाला द्यायचं ते दुकानदारानं. घरून कोणाला सणाचं देतो तेव्हा वर मूठभर घालत असतात. इतकी वर्षं काय पाहून राहिला तू?"

"आई, आपण दुकानदारच आहोत!"

"तू असशील."

त्याने कपाळावर हात मारला आणि पुढे काढायला लागला. मेतकुटाच्या पाकिटामागून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घरंगळलं. हळकुंड आणि सुपारी.

वहिनी लगेच म्हणाल्या, "ते माझं. सवाष्णीच्या हातात सणाचं नुसतं पीठ कसं ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

"वहिनी, रायपूरला बुवा आहे!" मी म्हटलं.

"त्याच्यात नुसती सुपारी आहे. मला कळतं तेवढं."

आता माझा नवरा माझ्याकडे वळला, निदान इथे तरी शहाणपण सापडेल अशा आशेने. मी नजर चुकवली. कारण खोक्याच्या तळाशी उटण्याची एक जास्तीची पुडी होती आणि ती माझी होती. एवढीशी पुडी. घरात लेकरं असली तर एक पुडी कशी पुरणार, असं मला वाटलं होतं. हे मी गुपचूप, प्रत्येक खोक्याबाबत, स्वतंत्रपणे वाटून घेतलं होतं. बाकीच्या दोघीही असंच काही करत असतील, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. तिघींची तोंडं दुसऱ्यांना नियम पाळायला सांगत होती आणि हात आपापलं काम करत होते.

"म्हणजे या घरात पद्धत पाळणारा मी एकटा," तो म्हणाला.

वहिनी पुढे झाल्या, खोक्यात डोकावल्या आणि कोपऱ्यातून पुठ्ठ्याचा एक जाड त्रिकोण उपसून काढला. मग दुसरा. चारही कोपऱ्यांतून चार.

"हे काय आहे हो, भाऊजी? नमुन्याच्या पेटीत तर नव्हते."

त्याने त्रिकोण हातात घेतला. "कोपऱ्यांना आधार. नंतर सुचलं."

आम्ही तिघी एकदम हसलो. सासूबाई तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो हसला नाही. पण त्याने बूट काढले, म्हणजे आता माणसात आला.

हसून प्रश्न सुटत नव्हता. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, ऑर्डर घेताना लिहिलेलं वजन आता बदलता येत नाही. म्हणजे पेटी किलोच्या आत आणायची, दुसरा मार्ग नाही. नवरा म्हणाला, "सोपं आहे. सगळी पाकिटं फोडायची, वरची मूठ काढायची, परत सील करायचं."

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "अजिबात नाही. ज्याच्या नावानं घातली, ती काढून घ्यायची? हात नाही झडणार माझा?"

"आई, हिचं दुकान बंद होईल."

त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "काढ मग. तुझ्या दुकानासाठी काढते म्हणत असशील तर काढ. पण मला नको लावू त्या कामाला."

मला ते ऐकवेना. मी उगीच रिकामा खोका उचलला आणि काट्यावर आपटला. रागाने काहीतरी करायचं म्हणून. काटा सरसर पुढे गेला. मी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. खोक्यात काहीच नव्हतं, तरी सासूबाईंच्या कितीतरी मुठी त्यात बसल्या असत्या.

"अहो," मी म्हटलं, "पीठ फुटतं का?"

"म्हणजे?"

"चकली फुटते. लाडू फुटतो. आपण पीठ पाठवतोय. पीठ फुटून काय होणार? पीठ?"

गाडीवाल्याने माझ्याकडे तसं का पाहिलं होतं, तेही मला आत्ता कळलं. नवरा आपल्या खोक्याकडे बघत राहिला. ज्याच्यावर त्याने बायकोला उभं केलं होतं तो खोका. मला त्याची दया आली, पण मी मागे हटले नाही.

"पाकीट फुटू शकतं," तो शेवटी म्हणाला. "गेल्या वर्षी फुटलं. आत सगळं सांडलं."

"सांडून एकत्र झालं म्हणून वाया गेलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता वेगळीच धार होती. "माझी आई नागपूरहून पोस्टानं भाजणी पाठवत होती मला, या भोपाळात. कुठचा आला होता खोका? मांजरपाटाची पिशवी शिवायची, त्यात भाजणी, तोंड सुईदोऱ्यानं बंद. एका वस्तूला एक पिशवी. पोस्टवाले फेकत, आपटत. एक कण सांडला नाही कधी."

नवऱ्याने मान हलवली. "नुसत्या आठवणीवर मी माल सोडणार नाही. चाचणी करावी लागेल."

वहिनींनी घरून जुन्या चादरीचा तुकडा आणला, तिथेच पिशव्या शिवल्या, वेगवेगळ्या. तिन्ही पिशव्या कुरिअरच्या प्लास्टिकच्या थैलीत घातल्या. नवऱ्याने ती थैली घेतली, गॅलरीत सोफ्यावर चढला आणि खाली ओरडला, "हटना भैया!" आणि आमची दिवाळी चौथ्या मजल्यावरून खाली फेकून दिली.

धप्प आवाज झाला. वॉचमनचा कुत्रा भुंकत पळाला. आम्ही लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली धावलो, सासूबाई वरून विचारत राहिल्या, "फुटली का? फुटली का?" थैली चपटी झाली होती, एका कोपऱ्याला माती लागली होती. नवऱ्याने तिथेच उकिडवं बसून ती उघडली. आतलं मेतकुटाचं पाकीट फुटलं होतं. पण मेतकूट पिशवीतच होतं. भाजणी भाजणीत, उटणं उटण्यात.

त्याने वर पाहून अंगठा दाखवला. "पास," तो म्हणाला. जरा पडलेल्या आवाजात म्हणाला, पण म्हणाला.

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. नवरा मांजरपाटाचा तागा आणायला गेला. वहिनींनी कॉलनीत फोन फिरवले. संध्याकाळपर्यंत आमच्या हॉलमध्ये तीन शिलाई मशिनी आल्या, त्यातली एक समोरच्या पंजाबी भाभींची. भाभींना मेतकूट म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण पिशव्या त्यांनीच सर्वांत जास्त शिवल्या. "दीदी, ये खाने का है कि लगाने का?" असं त्या दर तासाला विचारायच्या, आणि वहिनी म्हणायच्या, "पीला वाला खाने का, भूरा वाला लगाने का. उलटा मत करना." पट्ट्यांवरची ठाणी केव्हाच मोडली होती. जिथे जागा तिथे माणूस. नवरा कापडाचे तुकडे कापत होता आणि ते तुकडे मात्र अगदी सारखे येत होते, हे कबूल केलं पाहिजे.

दुसरा दिवस पूर्ण तेच, नवऱ्याने त्याही दिवशी रजा टाकली. माझी बोटं सुईने भोसकून निघाली. मला शिवण येत नाही. लहानपणी शाळेत शिवणाच्या तासाला मी बाईंना गोष्टी सांगून वेळ मारून नेत असे. पण तोंड बंद करायचे टाके मला जमतात असं दिसलं. वेडेवाकडे, पण घट्ट. "लोकांनी पेटी मागवली आहे आणि आपण गाठोडं पाठवतोय," नवरा मधेच म्हणाला. त्यावर वहिनी म्हणाल्या, "पेटीच्या चकल्या होत नाहीत हो भाऊजी. कापा."

या वेळी प्रत्येक पार्सलाचं वजन केलं. मूठ आत, हळकुंड आत, माझी पुडी आत, आणि तरी काटा किलोच्या अलीकडे. एकामागून एक. शेवटी दोनच उरली, जी ऐकेनात. एक रायपूरच्या एकट्या बुवाचं. दुसरं फोटोवालीचं.

"हिला इतकी भाजणी?" मी विचारलं. "हिने आपली अब्रू घालवली, आई."

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या. "गेल्या सालची तिची दिवाळी आपण बुडवली. तिचं आपल्याकडे राहिलं होतं."

नवऱ्याने दोन्ही पार्सलं उघडली, आत हात घातला आणि आपलं ते चकचकीत कार्ड बाहेर काढलं. खोका कसा उघडायचा याचं. खोका नव्हताच, तरी कार्ड सवयीने आत गेलं होतं. त्याने एकेक पार्सल पुन्हा काट्यावर ठेवलं. काटा दोन्ही वेळा किलोच्या रेघेवर थरथरला आणि किंचित अलीकडे येऊन थांबला. मग बाकीच्यांमधूनही ती कार्डं काढायला हवीत, असं कुणीतरी म्हणालं, पण तोवर टाके घालून झाले होते. त्यामुळे देशभरातल्या बऱ्याच मराठी घरांत या वर्षी नसलेला खोका उघडण्याची सचित्र माहिती पोचली.

गाडी दुपारी आली. गाडीवाल्याकडे आज हातकाटा होता. त्याने ढिगातून वाटेल ते पार्सल उचलून टांगलं, मग दुसरं, मग तिसरं. आम्ही सगळ्या जिन्यात रांगेने उभ्या. त्याने काटा खिशात टाकला. "अब ठीक. अब आटा लग रहा है," तो म्हणाला. वहिनींनी त्याच्या हातात भाजणीचं एक पाकीट ठेवलं. सासूबाई वरून ओरडल्या, "अगं थांब, त्याच्यात वरची मूठ नाही!" आणि तो बिचारा गाडी चालू ठेवून उभा राहिला.

नरक चतुर्दशीला पहाटे आंघोळी झाल्या. मी मोबाइल फ्रिजवर ठेवला होता आणि फराळ होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. लेकीचाच फोन आला. ती बंगळूरहून माझं दुकान बघत बसली होती. "आई, सगळ्यांची पोचली. एक राहिली होती, तीही काल संध्याकाळी पोचली. वेळेत, आई, सगळी वेळेत!" मी हो, हो म्हणत राहिले आणि चकलीच्या ताटासमोर बसले. पुढे दुपारी बाजारवाल्यांचंही कळवणं आलं, तुमचं दुकान चालू राहील. रूक्ष, दोन ओळींचं. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "यांनी मागवली होती का पेटी?"

एकच तक्रार आली. फोटोवालीची. आम्ही सगळे मोबाइलवर वाकलो. तिने लिहिलं होतं, "पाकिटावर अर्धा किलो लिहिलं आहे, निघालं बरंच जास्त. कृपया आपला काटा तपासून घ्यावा." आणि तारे पाचच्या ऐवजी चार.

नवऱ्याच्या जिवाला तो एक तारा लागला. भाऊबीज झाली, सोफा आत आला, तरी तो कागद घेऊन विचार करत होता. पुढच्या वर्षी वरची मूठ धरूनच वजन लिहायचं, म्हणजे प्रश्नच नाही, असं त्याने ठरवलं. त्यासाठी मूठ किती भरते ते कळायला हवं. एका दुपारी तो काटा, वाटी आणि उरलेल्या भाजणीचा डबा घेऊन सासूबाईंसमोर बसला.

"आई, यात एक मूठ घाल."

सासूबाईंनी डब्यात हात घातला आणि थांबल्या. "कोणासाठी?"

"कुणासाठी नाही. नुसती मूठ. मोजायची आहे."

त्यांनी हात बाहेर काढला, पीठ झटकलं आणि त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मग काऊन घालू?" त्या म्हणाल्या.